सोनाजीरावांचं थेट प्रक्षेपण

छावणीतल्या आमच्या घरी टीव्ही आला, त्या आठवड्यापासून खालच्या मजल्यावरचे सोनाजीराव रोज संध्याकाळी चपला हातात धरून दारात उभे राहायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "बाई, थेट हाय का?" असलं तर आत येऊन सतरंजीवर मांडी घालायचे. नसलं तर तिथूनच मागे फिरायचे. त्यांच्यासाठी टाकलेला चहा मग मलाच प्यावा लागे.

नातवंडांनो, तुम्ही ज्याला 'लाइव्ह' म्हणता त्याला आम्ही 'थेट प्रक्षेपण' म्हणतो. हा शब्द सोनाजीरावांना वर्तमानपत्रात सापडला. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून मला सगळंच येतं अशी त्यांची समजूत. ते अर्थ विचारायला आले. क्षेप म्हणजे फेकणं, प्रक्षेपण म्हणजे चित्र दूरवर फेकणं, असं मी सांगून बसले. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मंग झेलायला माणूस त्याच वक्ताला समोर पायजे. नंतर उचललं तर ते पडलेलं."

त्या दिवसापासून माझ्याच घरात मला सुख राहिलं नाही. आदल्या दिवशीचा क्रिकेटचा सामना दाखवत असले तर ते बंद करायला सांगायचे, शिळं आहे म्हणून. थेट असलं तर मध्ये कुणी उठायचं नाही, भाजी निवडायची नाही. अनुसयाबाई, म्हणजे त्यांची बायको, शेजारचं भांडण सांगू लागली की विचारायचे, "थेट बघितलं का कुणी सांगितलं?" सिल्लोडकडची बरीच जमीन भावाकडे सोपवून ते शहरात बांधकाम खात्यात कारकुनी करत होते. ऑफिसातही म्हणे साहेबाला हेच विचारायचे. त्यांची बढती का अडली, हे मला कधी कोडं वाटलं नाही.

त्यांचा एकुलता मुलगा रामेश्वर फौजेत होता. एका वर्षी त्याचं पत्र आलं, सव्वीस जानेवारीला दिल्लीच्या संचलनात आपण आहोत म्हणून. सोनाजीरावांनी ते पत्र महिनाभर खिशात वागवलं. त्यांनी मुलाला दोन वर्षं पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी तुमचे आजोबा परभणीला गेले होते. सोनाजीराव इस्त्रीचा सदरा घालून, अनुसयाबाईला घेऊन सकाळी सातलाच हजर. चित्र चांगलं होतं. मी चांगलं म्हणते म्हणजे माणसं माणसांसारखी दिसत होती. पण त्यांना प्रत्येक घोड्यामागे दुसरा पुसट घोडा दिसू लागला. मी तीनदा बजावलं की अँटेनाला हात लावू नका. पाणी पिऊन येतो म्हणाले आणि गच्चीवर गेले.

पुढच्या क्षणी पडद्यावर नुसत्या मुंग्या. अँटेनाच्या नळीची पकडच त्यांनी सैल करून ठेवली होती. मी गॅलरीत जाऊन ओरडले. त्यांनी नळी फिरवली, चित्र आलं. हात सोडला, चित्र गेलं. तेवढ्यात निवेदकाने रामेश्वरच्या पलटणीचं नाव घेतलं.

मी म्हटलं, मी वर येऊन धरते, तुम्ही खाली या. ऐकतील तर शपथ. हात बदलताना चित्र जाईल, त्याची आई बघतेय, तिला बघू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. बोचऱ्या वाऱ्यात दोन्ही हातांनी नळी कवटाळून ते उभे होते. गॅलरीतून मान वर केली की ते दिसत आणि मागे वळलं की दारातून टीव्ही. अनुसयाबाईने काचेवर बोट ठेवलं होतं. त्या एका बोटाखाली तीन शिपाई झाकले जात होते. मग तिने पदर डोळ्यांना लावला, तो काढलाच नाही.

"बाई, दिसला का?" गच्चीवरून हाक आली.

मला एकाचाही चेहरा ओळखू येत नव्हता. सगळे एका साच्यातले, भराभर पुढे सरकणारे. मी आयुष्यभर मुलींना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं.

"दिसला," मी म्हणाले.

"कसा हाय?"

"दुसऱ्या रांगेत, उजव्या टोकाला. मान ताठ. थोडा वाळलाय."

वरून पुन्हा, "मिशी?"

"आहे. चांगली झुपकेदार."

संध्याकाळच्या बातम्यांत संचलन पुन्हा दाखवणार होते. नळी एव्हाना मी तारेने आवळून घेतली होती. मी स्वतः खाली जाऊन त्यांना बोलावलं, अक्षरशः हात जोडले. ते आले नाहीत. "म्या थेट बघितला, बाई. तुम्ही सांगत व्हता की." माझा संताप झाला, आणि सुटल्यासारखंही वाटलं, हे तुमच्यापाशी कबूल करते.

उन्हाळ्यात रामेश्वर रजेवर आला, दाढी-मिशी तुळतुळीत काढलेला. आमच्या घरी चहाला बसल्यावर म्हणाला, "मी तर सहाव्या रांगंत व्हतो, मधोमध." सोनाजीराव शांतपणे म्हणाले, "तुला काय म्हायीत? तू नाकासमोर बघत व्हतास. बाईंनी सगळी पलटण बघितली." मिशीचा विषय कुणीच काढला नाही.

काही वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. रामेश्वर सरहद्दीवर होता, तार गेली होती, रजा मंजूर व्हायची होती. मी रोज खाली जाऊन बसत असे. एका दुपारी मी ठरवून विषय काढला, की सोनाजीराव, त्या सव्वीस जानेवारीचं मला तुम्हाला काही सांगायचं आहे.

त्यांनी डोळे मिटूनच हाताने थांबवलं. "सांगा की. पण तवा सांगितलं तसंच सांगा. एक शब्द इकडचा तिकडं नको."

शेवटपर्यंत हा माणूस मला माझ्या मनासारखं काही करू देणार नव्हता. मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं. दुसरी रांग, उजवं टोक, मान ताठ, थोडा वाळलाय. मिशीशी आले तेव्हा ते हसले.

रामेश्वर दुसऱ्या दिवशी पोचला. तोवर उशीर झाला होता.