पेन्शनर घोडा आणि माझी वरात

आमच्या घरात निवृत्त मंडळी दोन. एक आप्पा आणि दुसरा घोडा.

आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झाले, घोडा संशोधनातून. सापाच्या विषावर औषध शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्यानं उभी हयात रक्त दिलं होतं. अशा थकलेल्या जनावरांना घरं शोधून देणाऱ्या एक मॅडम बेळगावच्या कॅम्पात राहतात. त्या संकेश्वरजवळच्या आमच्या गावी आल्या. गोठा, वैरण आणि आप्पा असं सगळं तपासलं आणि घोडा देऊन गेल्या. अट एकच.

"याच्यावर कुणी बसायचं नाही. बसलेलं दिसलं, तर त्याच दिवशी परत नेणार."

"शबूद दिला," आप्पा म्हणाले. त्या दिवसापासून आप्पा आईशी बोलत नव्हते तेवढं घोड्याशी बोलू लागले. ("आज जेवला न्हाईस व्हय रं?" हे मला विचारतायत असं वाटून मी दोनदा उत्तरही दिलं!)

मग माझं लग्न ठरलं. सासुरवाडी गावातलीच, वरच्या गल्लीतली. निपाणीहून आणलेला वरातीचा घोडा ऐन वेळी लंगडायला लागला. मारुतीच्या देवळासमोर बँड तयार, पाव्हणे तयार. शहाणा माणूस चालत गेला असता. पण मी नवरदेव होतो!

"आप्पा, आपला पेन्शनर हाय की!"

"डोस्कं फिरलंय व्हय तुझं? शबूद दिलाय मी. आनि मॅडमना लग्नाला मीच बोलीवलंय!"

"त्या येतील अक्षताला. तवर मी खाली!"

आप्पा नको नको म्हणत राहिले आणि मी चढलो.

घोडा निमूट चालला. बँडला बिचकला नाही, फटाक्यांना बिचकला नाही. पहिल्या वळणावर पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेले माझे मामा समोर आले, आणि घोडा जागच्या जागी थांबला. चारी पाय ताठ, मान एका बाजूला वळवलेली, डोळे मिटलेले!

"मला मुजरा करतंय!" मामा गहिवरले. "मुक्या जनावराला बी मानूस कळतंय, बगा!" त्यांनी मानेवर थोपटलं, तसा घोडा चालू लागला.

झालं! गावातले समस्त पांढरे सदरे रस्त्यावर आले. सरपंच, चेअरमन, पोस्टमास्तर... प्रत्येकापुढे थांबा, मुजरा, थोपटणं. हात दाखवा, वरात थांबवा! बँड पार पुढे निघून गेला. भटजींचा निरोप आला, "मुहूर्त चाललाय!" मला मुहूर्ताची नाही, मॅडमच्या गाडीची धास्ती होती. दर वळणावर मी मुंडावळ्या बाजूला सारून मागे बघत होतो.

वरच्या गल्लीच्या तोंडाशी नवरीचे थोरले काका उभे होते. चौकड्यांच्या शर्टात! घोडा त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेला.

"आमच्याच गल्लीत आमालाच वळख न्हाय?" काका कडाडले. कुणीतरी त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटलं. ते तरातरा घरात गेले, पांढराशुभ्र सदरा चढवून आले आणि आडवे उभे राहिले. घोडा थांबला. काकांनी हाताची घडी घातली.

"आता हुबा ऱ्हा म्हनावं!"

ते थोपटेनात, घोडा हलेना. मी चुचकारलं, आप्पांनी लगाम ओढला, मामांनी गूळ दाखवला. घोडा ढिम्म! आणि मागे गाडीचा हॉर्न वाजला.

मॅडम उतरल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घोड्याच्या मानेवर हात फिरवत म्हणाल्या, "झालं हं बाळा, झालं." घोड्यानं मोठा सुस्कारा सोडला.

"हा मुजरा नाही," त्या आमच्याकडे वळल्या. "पांढरा कोट दिसला की हा रक्त द्यायला उभा राहायचा. थोपटलं, की सुई निघाली. तुम्ही सगळे त्याचं रक्त काढायला आलायत, असं वाटतंय त्याला."

मला इतकी लाज वाटली, की घोड्यावरून मी उतरलो कमी आणि पडलो जास्त.

आप्पांनी डोक्यावरचा फेटा काढला. "चूक झाली, मॅडम. शबूद मोडला. न्या त्याला." आणि घोड्याच्या मानेत तोंड खुपसून ते रडू लागले. आप्पांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी एकदम सदरा काढून फेकला. आत बनियन, तेही पांढरं! तेही काढलं.

"काडा रं समद्यांनी! जनावर भ्यालंय!"

बघता बघता सरपंच, चेअरमन, पोस्टमास्तर, मामा भर रस्त्यात उघडेबंब! त्या रांगेमधून आप्पांनी घोडा चालवून बघितला. घोडा कुठंही थांबला नाही. शेवटी जाऊन आप्पांच्या खांद्यावर त्यानं तोंड ठेवलं.

मॅडम रुमालानं हसू दाबत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

"घर चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माणसं चांगली आहेत. घोडा राहू दे इथंच. फक्त एक सांगा, हा मुलगा घरीच असतो का?"

"न्हाय, न्हाय!" आप्पांनी क्षणाचाही विचार केला नाही. "आजपास्नं बेळगावात ऱ्हानार त्यो!"

हे मलाही तेव्हाच कळलं. बायकोला मांडवात कळलं. आता आम्ही दोघं बेळगावच्या वडगाव भागात भाड्यानं राहतो. खोली देताना घरमालकानं माझी काहीच तपासणी केली नाही, म्हणून निदान डोक्यावर छप्पर तरी आहे!