सोफ्यावरची रुई

"ए बाई, बाहेरच थांब. अंगावरची रुई सोफ्यावर पडते."

मॅनेजरनं असं म्हणून ऑफिसचं काचेचं दार लावून घेतलं. बाभुळगाव रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये आम्ही बाया कापसातली खराब बोंडं, किडून कडक झालेली कवडी वेचतो. केसांत रुई, भुवयांत रुई, नाकात रुई. माझ्या मागून एक व्यापारी आत गेला. त्याच्याही पायजम्याला रुई होती. त्याला पाणी विचारलं. तेव्हाच कळलं, अडचण रुईची नाही. मी विहारामागच्या वस्तीतली, हे मॅनेजरला ठाऊक होतं.

आम्हाला हवा होता संडास. दाराचा, आतून कडी लागणारा. सरकीच्या ढिगामागे बसायचं आणि एकीनं पदर आडवा धरून उभं राहायचं, असे कितीतरी हंगाम काढले. लाज वाटून वाटून जीव विटला होता. या खेपेला ठरवलं, संडास नाही तर संप.

आत आमच्या वतीनं मुकादम बोलत होता. आमचा प्रतिनिधी म्हणे. काचेतून तो हसताना दिसला. आमच्या संडासात एवढं हसण्यासारखं काय होतं?

बाहेर येऊन म्हणाला, "झाल्या वाटाघाटी. तडजोड केली. पुढच्या हंगामात पाहतो म्हनते साहेब. मी सांगून आलो, आमच्या बाया संप करत नाहीत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तडजोड म्हणजे काही द्यायचं, काही घ्यायचं. आम्ही संप दिला. घेतलं काय? 'पाहतो.'

"मुकादम, तुमाले आमचा प्रतिनिधी कोनं केलं?"

"साहेबानं," तो बोलून गेला.

त्याच दुपारी, सरकीच्या ढिगाजवळ, बायांनी हात वर करून मला निवडलं. मी काचेचं दार ढकललं. पदरही न झटकता सोफ्यावर बसले.

"आधी रुई झाडून ये!"

"तुमचीच हाय, साहेब. संडासाचं बोला. नाही तं उद्यापासून संप."

मॅनेजरचा आवाज एकदम मऊ झाला. "चहा घेता का, ताई?"

ताई! मघाशी 'ए बाई' होते. मी खरंच घाबरले. मुकादमाचं हसूही अशाच एखाद्या चहापासून सुरू झालं असेल. मी चहा घेतला नाही. उठले, दार उघडलं आणि माझ्या शेजारी कवडी वेचणाऱ्या शेवंताला आत बोलावून बाजूला बसवलं.

संडास अजून नाही. म्हणून संप चालू आहे. बोलणीही चालू आहेत. आत आम्ही दोघी जातो. मी मॅनेजरवर नजर ठेवते, शेवंता माझ्यावर. मीच तिला सांगून ठेवलंय, "मी हासली ना, तं तिथंच हात धरून मले बाहेर काढजो."