दादाराव मामांनी पारखलेली पेटी

आमचे दादाराव मामा कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्या मागे जाऊन उभे राहत. टीव्ही असो, कपाट असो, शिलाई मशीन असो. दुकानदार समोरून हात फिरवत तिचे गुण सांगत असायचा आणि मामा मागच्या बाजूला कंबरेत वाकून काहीतरी न्याहाळत असायचे. "समोरून समदेच चांगले दिसत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या मावशीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही ते नवऱ्या मुलाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले होते. तो मुलगा मान वळवून वळवून इतका घाबरला, की स्वतःचं शिक्षणसुद्धा त्याने चुकीचं सांगितलं. मामांनी मागून पसंत केला आणि लग्न झालं. दादानं जरा पुढूनही बघायला पाहिजे होतं, असं मावशी जन्मभर म्हणत राहिली.

मामा आईचे थोरले भाऊ. जांब समर्थच्या अलीकडे त्यांचं गाव, आणि आम्ही घनसावंगीत. नावाला शेतकरी, पण जीव सगळा बैलबाजारात. बैलाची पारख मात्र त्यांना खरोखर होती, हे त्यांच्या वैऱ्यांनीही मान्य केलं असतं. बैल चार पावलं चालला, की कुठल्या खुरात दोष आहे आणि कुठल्या खांद्याला जू झेपणार नाही, हे मामा सांगत. या एका खऱ्या गुणावर त्यांनी बाकीची सगळी पारख उभी केली होती. ज्याला बैल कळतो त्याला सगळंच कळतं, असा गावाचा समज झाला आणि मामांनी तो कधी खोडून काढला नाही. त्यामुळे अर्ध्या गावात मामांनी पारखलेले कुकर होते, ज्यांची शिट्टी कधी वाजली नाही. आमच्या घरी त्यांनी निवडलेला पंखा होता. तो चालू करायला आधी काठीने ढकलावा लागे. तक्रार केली की मामा शांतपणे म्हणत, "मी घेतला तव्हा बराबर होता. तुम्ही फिरवला."

अशा माणसाच्या हाती माझं संगीत पडलं.

झालं असं, की तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मी पेटी वाजवली आणि परीक्षक म्हणून जालन्याहून आलेल्या मार्थाबाईंनी मला थांबवून घेतलं. बाई जालन्यात चर्चमध्ये पियानो वाजवत आणि शनिवारी दुपारी घरी मोजक्या मुलांना शिकवत. त्या मला शिकवायला तयार झाल्या, फीबद्दल बोलल्यासुद्धा नाहीत; त्यांची अट वेगळीच होती. आपल्या पेटीवर एकच हात वाजवतो, दुसरा भाता मारत बसतो. पियानोला दोन्ही हात सारखे लागतात, आणि ते आठवड्यातून एकदा जालन्यात येऊन तयार होत नाहीत. तेव्हा घरी कीबोर्ड हवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो नसेल, तर माझी जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

तेव्हा नव्वदीची वर्षं निम्मी सरली होती. खरा पियानो आमच्याकडे कुणी लग्नाच्या पत्रिकेवरही पाहिला नव्हता. बाईंनी आईला समजावून सांगितलं, की मोठं काही नको, स्वस्तातला, या मुलीला स्वतः उचलता येईल असा घ्या. पट्ट्या मात्र पुऱ्या रुंदीच्या असू द्या, आणि हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात वाजलं पाहिजे. लाइट जाते तर बॅटरीवरही चालू दे. आवाज किती प्रकारचे आहेत ते बघू नका. आईने हे सगळं पाठ केलं आणि जसंच्या तसं मामांना सांगितलं. मामा ऐकून हसले. त्यांचं म्हणणं पडलं, की बाई वाजवती, तिला वाजवण्यातलं कळत असंल, घेण्यातलं काय कळतंय.

नव्या जालन्यात रफिकभाईंचं टीव्ही-टेपरेकॉर्डरचं दुकान होतं. तिथे चार-पाच कीबोर्डही मांडलेले असत. मामा आत गेले ते थेट कपाटाच्या मागे. एकेक कीबोर्ड उलटा करून त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मग वजन करून पाहिलं. मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बोट ठेवून त्या मोजायला लागले, बैलाचे दात मोजावे तसे, ओठ हलवत. मी बाईंनी सांगितलेलं आठवून एका कोपऱ्यातल्या साध्या काळ्या कीबोर्डकडे बोट दाखवलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. कारण तेवढ्यात रफिकभाईंनी दुसऱ्याच एका चंदेरी कीबोर्डचं बटण दाबलं आणि तो आपला आपणच वाजायला लागला. सोबत तांबडे-हिरवे दिवे लुकलुकत होते. मामांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद फक्त पोळ्याला पाहिला होता. न हाकता चालणारं जनावर त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं.

आणि मग मामांनी खांद्यावरचा रुमाल काढून रफिकभाईंच्या हातावर टाकला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, म्हणजे भोवतीच्या लोकांना आकडा कळत नाही. दुकानात भोवती फक्त मी आणि आई होतो, आणि पैसे आईच्याच पिशवीत होते. रफिकभाई मात्र हुशार माणूस. त्यांनी गंभीर चेहऱ्याने रुमालाखाली हात घातला, दोनदा मान हलवली, एकदा सुस्कारा सोडला, आणि कैक दिवस धूळ खात पडलेलं ते धूड मामांच्या गळ्यात बांधलं. परतीच्या एसटीत मामा सगळ्या प्रवाशांना सांगत होते, की व्यापारी पार रडकुंडीला आल्ता.

घरी त्या कीबोर्डला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. कुंकवाचा एक ठिपका नेमका एका पट्टीवर पडला आणि ती लगेच चिकटायला लागली. संध्याकाळी शेजारपाजार जमला आणि मामांनी स्वतः बटण दाबलं. कीबोर्डला सगळे लाइटची पेटी म्हणत; ती आपोआप वाजत होती आणि लोक माझं कौतुक करत होते. मी नुसती शेजारी उभी होते. त्यात शंभर आवाज होते. त्यातला एक कुत्रा भुंकण्याचा होता आणि तोच मामांना सर्वांत आवडला. त्यांनी तो इतक्या वेळा वाजवला, की गल्लीतली खरी कुत्री येऊन दाराशी उभी राहिली. मामा म्हणाले, "बगा, वळख पटली. अस्सल माल हाय."

शनिवारी मी तो कीबोर्ड घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी एक पट्टी हळूच दाबली, मग जोरात दाबली. दोन्ही वेळा आवाज तितकाच आला. पट्ट्या इतक्या अरुंद, की बाईंचं एक बोट दोन पट्ट्यांवर पडत होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कीबोर्ड पिशवीत घातला आणि सांगितलं, की हे खेळणं आहे, यावर शिकलीस तर हात बिघडतील आणि मग मलाही ते नीट करता येणार नाहीत. पुढच्या शनिवारपर्यंत त्या माझी जागा ठेवणार होत्या.

मी बसमध्ये रडले. घरी आई माझ्यापेक्षा जास्त रडली, पण भावाला सांगायला काही तयार होईना. मामांची वस्तू परत करायची म्हणजे मामांचीच पारख परत करायची. आजवर तसं कुणी केलं नव्हतं. त्या पंख्यालाही आम्ही इतकी वर्षं काठीनेच ढकलत होतो. कुकरवाले लोक शिट्टीविना डाळ शिजवत होते. एका माणसाच्या अब्रूसाठी सगळ्या नात्यागोत्याने गैरसोय सोसायची, ही आमच्याकडची रीत.

मामा बाजारच्या दिवशी घरी आले तेव्हा मी चहा दिला आणि म्हणाले, "मामा, पेटीत खोड हाय."

खोड म्हणजे जनावरातला लपलेला दुर्गुण. बाजाराचा नेम असा, की घेतलेल्या बैलाला काही दिवस जू घालून बघायचं. खोड निघाली तर विकणाऱ्याने मुकाट्याने परत घ्यायचा. यात घेणाऱ्याची नामुष्की नाही, ती लपवणाऱ्याची. मामांनी बशी खाली ठेवली. मी त्यांचं बोट धरून पट्टीवर ठेवलं, आधी हळू दाबलं आणि मग सगळ्या ताकदीने.

"गोंजारलं तरी तेवढंच," मी म्हणाले, "अन् चाबूक मारला तरी तेवढंच."

 मामांनी स्वतः दोनदा-तीनदा दाबून पाहिलं. मग कानाची पाळी ओढत हलक्या आवाजात म्हणाले, "म्हंजी मुर्दाड हाय." त्या क्षणी त्यांच्याइतका पियानो कळलेला माणूस सगळ्या तालुक्यात नव्हता, असं मी आजही म्हणेन. अर्थात ते फार वेळ टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा, मी आणि गोधडीत बांधलेला कीबोर्ड असे जालन्याला गेलो. रफिकभाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मामांना वाचता येत होतं, पण त्या दिवशी त्यांना आलं नाही. ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून सांगू लागले, "रेडू घ्या, टीवी घ्या, बिलकुल घ्या. पर पेटी घिऊ नका. पेटी मुर्दाड हाय." मग गोधडी सोडून कुत्र्याचा आवाज वाजवून दाखवत. इस्त्री घ्यायला आलेल्या बायकाही निघून जायला लागल्या. दुपारपर्यंत रफिकभाई घायकुतीला आले. पायरीवर येऊन म्हणाले, "उठा मामा, मेहरबानी करा. दुसरी घ्या."

मामा आत गेले आणि सवयीने पुन्हा सर्वांत मोठ्या कीबोर्डच्या मागे जाऊन उभे राहिले. मी कोपऱ्यातला तो काळा काढला. त्याला दिवे नव्हते, आवाजही दहा-बाराच होते. मी एक पट्टी हळू दाबली, मग जोरात. दुसऱ्यांदा दुकानातल्या लोकांनी वळून पाहिलं.

"मामा, ही."

"ही?" मामांना ते काळं, किडकिडीत यंत्र पाहवेना. "ही तर भाकड दिसती."

मी कीबोर्ड छातीशी धरून ठेवला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाकडे पुढून बघत होते. मग ते रफिकभाईंकडे वळले आणि सवयीने रुमाल पुढे केला. रफिकभाईंनी हात जोडले. त्यांनी सांगितलं, की हा माल मुंबईहून ठरल्या भावाने येतो, ह्यात एक रुपया इकडचा तिकडे होत न्हाई. मामा रुमाल हातात धरून क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो झटकून खांद्यावर टाकला आणि वरचा फरक स्वतःच्या कोपरीच्या खिशातून काढून दिला.

माझी जागा वाचली. बाईंनी हळू दाबलं, जोरात दाबलं, आणि माझी बोटं पट्ट्यांवर ठेवली.

मामांचं मात्र नुकसान झालं. दिव्यांची, आपोआप वाजणारी पेटी देऊन दादारावने काळी, मुकी पेटी आणली, हे चार गावांत झालं. लोक त्यांना बाजारात अडवून विचारत, की मामा, कुत्रं कुठं गेलं. मामांनी ताबडतोब माझा बळी दिला. पोरीचा हट्ट होता, मी न्हाई म्हणून राह्यलो होतो, असं ते तोंड वर करून सांगत. माझ्यासमोरही सांगत. पुढे मला जालन्यात शाळेत संगीतशिक्षिकेची नोकरी लागली आणि त्याच महिन्यात पेटीची निवड मामांकडे परत गेली. आता ती त्यांनी मागून बघून, दात मोजून, दहातून एक काढलेली होती. माझ्या लग्नात त्यांनी ही गोष्ट माझ्या सासऱ्यांना जेवणाच्या पंगतीत सांगितली. मी समोर वाढत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता आणखी भात मागितला.

इतकं सगळं करून त्यांनी मला वाजवताना कधी ऐकलं नाही. मी वाजवायला बसले, की त्यांना गोठ्यातलं काम आठवे. मला त्याचा राग येई, आणि तो मी कधी लपवला नाही.

ते गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले होते. डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. बैल विकून टाकले होते. तरी वस्तू पारखायला लोक येतच होते, आता बहुतेक थट्टेनेच. मी असताना शेजारचे शेषराव आले. त्यांच्या मुलीला लाइटची पेटी शिकायची होती, तर मामा, कुठली घ्यावी, असं त्यांनी हसत विचारलं. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि ती दात मोजल्याची गोष्ट ऐकायची तयारी केली.

मामा माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "हिला इचारा. ती पेटी हिनंच निवडल्ती. मी नुसता संगं गेल्तो."

शेषराव हसायचे थांबले.  जो माणूस कुठेही नुसता सोबत म्हणून गेला नव्हता, त्याने हे परक्या माणसासमोर सांगितलं होतं. खाटेवर मामांची बोटं गोधडीशी चाळा करत होती. एवढं मोठं दान एकदम देऊन टाकल्याचं त्यांनाही सोसवेना असं दिसलं.

"भाव मातर मी पाडला," ते म्हणाले. "न्हाई का गं?"

भाव एक रुपयाही पडला नव्हता. मी त्यांचा हात हातात घेतला आणि शेषरावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हो मामा. तुमीच पाडला."