जिलेटिनच्या कागदावरचा अंगठा

कैरोच्या शुब्रा भागातल्या आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणारा माणूस नश्वाच्या दारावर कधी थाप मारत नाही. तिच्याकडून त्याला प्लास्टिकचा तुकडा मिळत नाही. उलट तीच जिन्यात आमच्या पिशव्यांत डोकावते. "उम्म रोहन, ती मॅकरोनीची पिशवी चुरगळून टाकू नका हो, मला द्या. काय झकास सुरकुत्या पडल्यात!" इथे बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात, त्यामुळे इजिप्तमध्ये आल्यापासून मी रोहनची आई एवढीच आहे.

नश्वा कॉम्प्युटरवर पाकिटांची चित्रं करते. जाहिरातीत बिस्किटाचा पुडा दिसतो ना, तो बरेचदा खरा नसतोच, कुणीतरी बसून केलेला असतो. पण नुसता केलेला पुडा गुळगुळीत आणि निर्जीव दिसतो. त्यावर खरं प्लास्टिक चढवावं लागतं. नश्वा खरी पिशवी काळ्या मखमलीवर पसरते, पडदे ओढते, एका बाजूने दिवा धरते आणि फोटो घेते. तो फोटो चित्रावर ठेवला की कॉम्प्युटर त्यातलं काळं विरघळवून टाकतो आणि चकाकी, चुण्या, कडेची चिकटवलेली पट्टी तेवढी वर राहते. पुडा उचलून घ्यावासा वाटतो. पावाची पिशवी आतून घामेजते तीसुद्धा तिच्याकडे आहे.

हे वेड तिला वडिलांकडून आलं. अम्म दसूकी, म्हणजे आपण म्हणू दसूकीकाका, जन्मभर एका हलवायाकडे मौलिदची मिठाई बांधत होते. मौलिद हा पैगंबरांच्या जन्माचा सण. तेव्हा इथे तिळाची, हरभऱ्याची, शेंगदाण्याची चिक्की डब्यांतून घरोघर जाते. मला तर दरवेळी संक्रांतच आल्यासारखं वाटतं. त्या डब्यावर आपण ज्याला जिलेटिनचा कागद म्हणतो तसा पारदर्शक कागद ताणून कोपऱ्यात चिमटायचा, हे काकांचं काम. चिमटताना उजव्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा उमटायचा, कारण हाताला पाक आणि तिळाचं तेल. मालक ओरडायचा, "दसूकी, लोकांना मिठाई विकायचीय, तुझा अंगठा नाही!" मग शाळा सुटल्यावर लहानगी नश्वा व्हिनेगरचं फडकं घेऊन बसायची आणि प्रत्येक डब्यावरचा बापाचा अंगठा पुसायची.

इथे या सणाला वाग्दत्त वराने मुलीला आणि बाप-भावाने लग्न झालेल्या लेकीला डबा न्यायचा, अशी रीत आहे. नश्वाचा घटस्फोट झाला तेव्हा शेजारणी कुजबुजल्या, आता हिला कोण डबा आणणार? काका दरवर्षी स्वतः बांधून आणायचे. आणि तिचा डबा पुसलेला नसायचा. "हा विकायचा नाही," असं म्हणायचे.

मागच्या रमजानमध्ये काका गेले. त्यांनी आणलेला शेवटचा डबा नश्वाने फोडला नव्हता. चिक्की आत मऊ पडली असेल, पण वरचा कागद तसाच ताणलेला होता. यंदा एका मोठ्या जाहिरात कंपनीने तिला मौलिदच्या डब्याचं चित्र सांगितलं, तेव्हा तिने तोच कागद जपून सोडवून काळ्या मखमलीवर मांडला. अंगठा मुद्दाम राहू दिला. चित्र मला दाखवलं आणि मी नकळत हात जोडले. का ते सांगता येणार नाही. त्या कोपऱ्यात माणूस होता.

कंपनीच्या हैसमने कळवलं, "गिऱ्हाइकाला पसंत नाही. जुनाट वाटतं. राहू द्या." तिने राहू दिलं.

मौलिद तोंडावर आला तेव्हा पुन्हा त्याचाच फोन. नश्वा माझ्या स्वयंपाकघरात मुलूखियाची, म्हणजे इथल्या एका पालेभाजीची, पानं चिरत होती, फोन चिरायच्या फळीशेजारी स्पीकरवर लावलेला.

"बाश्मोहन्दिसा," म्हणजे इंजिनियरबाई, इथे मानाने असंच म्हणतात, "कशा आहात? एक छोटंसं काम होतं. ते चित्र पुलावरच्या मोठ्या फलकाला घेतोय. पण तुम्ही नमुना म्हणून पाठवलेलं मोठं केलं की अंधुक होतं, म्हणून मूळ प्रत पाठवा. आणि कोपऱ्यात एक डाग आहे, तेवढा काढून द्या. पाच मिनिटांचं काम."

नश्वाच्या हातातली सुरी थांबली. "कुठलं चित्र?"

"तेच हो. डब्याचं."

"जे पसंत नव्हतं ते?"

"तेव्हा नव्हतं. आता आहे. गिऱ्हाईक म्हणजे लहरी."

"मग मला कळवलंत कधी?"

"कळवतोय की आता!"

तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "उम्म रोहन, शाल गुंडाळा. तुम्ही माझ्याबरोबर चला, नाहीतर मी त्याचं थोबाड फोडीन."

मी साडी नीट केली, शाल घेतली आणि निघाले. लिफ्टमध्ये रामरक्षा म्हणत होते, कारण थोबाड फोडायची इच्छा मलाही होत होती.

ऑफिसात सगळीकडे काच. हैसम हसतमुख माणूस, दाढी नेटकी, आमच्यासाठी चहा मागवला. भिंतीवरच्या पडद्यावर तोच डबा, तोच कागद, तोच कोपरा. खाली भल्या मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव. नश्वाचं कुठेच नाही.

"हे माझं आहे," नश्वा म्हणाली.

"डब्याचं चित्र आमच्या पोरांनी नव्याने केलं. तुमचं फक्त वरचं प्लास्टिक घेतलं. आता प्लास्टिकवर कुणाचं नाव असतं का, बाई? दुकानात जा, रस्त्यावर बघा, नाल्यात बघा, ढीग पडलाय."

"मग नाल्यातलं घ्यायचं होतं."

तो हसला. "अहो, चिडता काय? मान्य आहे, तुमचं काम फार छान आहे. म्हणून तर तुम्हालाच सांगतोय. डाग काढा, मूळ प्रत द्या, पुढच्या रमजानची सगळी पाकिटं तुमच्याकडे."

"तो डाग नाही. माझ्या बापाचा अंगठा आहे."

हैसमने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. तो म्हणाला, "देव त्यांना जन्नत देवो. पण मग तर काढायलाच हवा ना? खायची वस्तू आहे. लोक म्हणतील, कुणाचे हात लागलेत."

माझ्याने राहवलं नाही. "मग तुमच्या घरी डबा येतो तो हात न लागता येतो का हो, भाऊ? फरिश्ते बांधतात?"

"या कोण?" त्याने विचारलं.

"माझी मोठी बहीण," नश्वा म्हणाली. साडीतली बहीण बघून त्याने चहाचा कप माझ्यापुढेही सरकवला.

ती उभी राहिली. "ऐका, हैसमसाहेब. मी लहानपणी हा अंगठा रोज पुसला. मालक ओरडायचा म्हणून पुसला. वडील समोर बसून बघायचे. आता मी पुसणार नाही. चित्र लावायचं असेल तर अंगठ्यासकट लावा आणि खाली माझं नाव घाला. नाहीतर माझा कागद काढा."

"तसं कसं जमेल?"

"मग मूळ प्रत मिळणार नाही."

हैसमचं हसू गेलं. "नका देऊ. आता मशीन आहे. मशीन स्वतः मोठं करतं, स्वतः साफ करतं. आम्ही नम्रपणे विचारत होतो."

आणि त्याने आमच्यासमोर ते करून दाखवलं. मला वाटतं, मुद्दाम. एका मुलीला सांगितलं, तिने कोपऱ्याभोवती गोल काढला, बटण दाबलं. अंगठा गेला. त्याच्याबरोबर चिमटीच्या चुण्याही गेल्या, आणि कोपऱ्यात बर्फासारखी कसलीतरी गुळगुळीत कळा आली. ती मुलगी खाली मान घालून बसली. हैसम म्हणाला, "बघा, कुणाला कळणार आहे?"

चहा आम्ही घेतला नाही. एवढा अपमान करून वर चहा पाजणाऱ्याला काय म्हणावं, मला अजून कळत नाही. माणसाचं घ्यायचं, त्याला नको म्हणून सांगायचं, आणि वर त्यालाच म्हणायचं, ये, तुझ्या हाताने पूस. देवाच्या घरी याची नोंद होत असेल असा माझा विश्वास आहे. पण ती कधी वाचली जाणार, त्याची वाट बघवत नाही.

परतताना टॅक्सीत नश्वा रडली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याला तो अंगठा एकट्याला हवा होता, तोही धुऊन. ठीक आहे. मी सगळ्यांना देते."

घरी येऊन तिने त्या कागदाच्या फोटोची मूळ प्रत, पूर्ण मोठी, जिथून कुणीही फुकट उतरवून घेऊ शकेल अशा ठिकाणी ठेवली. नाव दिलं "दसूकी". खाली एकच अट लिहिली: कुठल्याही चित्रावर चढवा, पण कोपरा पुसू नका. मी म्हटलं, "अगं, हे स्वतःच्याच पोटावर पाय देणं नाही का?" ती म्हणाली, "पोटाचं मी बघते. तुम्ही मुलूखिया बघा, काळी पडली असेल." खरंच पडली होती.

पुलावरचा फलक लागला. बर्फाच्या कोपऱ्याचा. मौलिदभर आम्ही त्या पुलावरून गेलोच नाही, लांबचा रस्ता घेतला. फलक अजून आहे आणि माझा राग अजून आहे.

पण दसूकीकाकाही आता शुब्राभर आहेत. लग्नात वाजणाऱ्या गाण्यांच्या मुखचित्रांवर, औषधांच्या दुकानाच्या पत्रकावर, कोंबडीवाल्याच्या दरफलकावर. सगळ्यांनी अट पाळलीय असं नाही, काही नालायकांनी कोपरा कापलाय. बहुतेकांनी पाळलीय.

परवा आम्ही बसतुर्माच्या, म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या दुकानात गेलो. मालकीण उम्म किरोलस नव्या रंगीत फलकासमोर उभी राहून ओल्या फडक्याने उजवा कोपरा घासत होती. घासायची, मागे होऊन बघायची, पुन्हा घासायची.

"कालच लावलाय," ती वैतागून म्हणाली, "आणि कुणा मेल्याने तेलकट हात लावला बघा. व्हिनेगरनेसुद्धा जाईना!"

मी सांगायला तोंड उघडलं. नश्वाने माझा दंड धरला.

"घासा, ताई," ती म्हणाली. "जोर लावून घासा."