हॅनाच्या वहीत नसलेलं वाक्य

हे मी समीरलासुद्धा सांगितलेलं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझ्या फोनचा पिन त्याला पाठ आहे – पण हे नाही. आईला सांगायचं तर मॉर्मन म्हणजे कोण, इथपासून सुरुवात करावी लागेल. तुम्हाला सांगून बघते. जमलं तर.

सिडनीला युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, होते तेव्हा क्वेकर्स हिलला लॉरेन नावाच्या बाईंकडे खोली घेऊन राहायचे. ऐंशीच्या पुढची, एकटी, आणि पक्की मॉर्मन. म्हणजे ख्रिस्ताला मानणारेच, पण अमेरिकेत निघालेला वेगळा पंथ. बायबलशिवाय त्यांचा स्वतःचा आणखी एक धर्मग्रंथ आहे, आणि चहा-कॉफी वर्ज्य. पहिल्याच दिवशी मी घाबरत चहाचं विचारलं, तर म्हणाली, "मी पीत नाही. वास घ्यायला कुणी मनाई केलेली नाही." आणि माझ्यासाठी वेगळं पातेलं काढून ठेवलं. इंग्रजीत सगळ्यांना 'यू'च, पण मनातल्या मनात मी तिला 'अगं' म्हणायचे.

या लोकांना पूर्वजांचं फार. आपल्याकडे त्र्यंबकला उपाध्यांच्या वह्यांत घराण्याची नावं सापडतात ना, तसं यांचं घरोघरी. लॉरेनकडे तिच्या पणजीची, हॅनाची वही होती. दीडेकशे वर्षांपूर्वी, सोन्याच्या खाणींच्या दिवसांत, हॅना नवऱ्याबरोबर सिडनीहून जहाजाने निघाली ती अमेरिकेत यूटाहला, मॉर्मनांच्या वस्तीत पोचली. काही वर्षांनी लहान मुलीला घेऊन एकटीच परत आली. का आली? घरात कुणालाच नक्की माहीत नव्हतं. ती मुलगी पुढे मॉर्मन झाली, तेव्हा आईनेच शिकवलं असणार, असं सगळे धरून चालले होते.

लॉरेनच्या नजरेचा मधला भाग गेलेला. म्हणून दर शनिवारी सकाळी मी ते वेडंवाकडं अक्षर लावायचे, मोठ्याने वाचायचे, टाइप करायचे. ती मला 'माझे डोळे' म्हणायची.

तिची मुलगी ज्युली पर्थला. इतिहास शिकलेली. पंथाचा जुना इतिहास वाचत गेली – पूर्वी त्यांच्यात पुरुष अनेक बायका करायचे, पुढे ते बंद झालं – पण ज्युलीच्या घशाखाली ते उतरेना. तिने चर्च सोडलं. मायलेकी भांडल्या नाहीत. दर रविवारी फोन यायचा. हवापाणी, गुडघे, बागेतली लिंबं. बस.

आणि मग ते पान आलं. नवऱ्याने दुसरी बायको घरात आणली, हॅनाहून कितीतरी लहान. हॅनाने लिहिलं होतं – आता मी प्रार्थना करत नाही. जे मला खरं वाटत नाही, ते मी माझ्या मुलीला शिकवणार नाही. त्यानंतर वही कोरी.

दुसऱ्या बायकोपर्यंत मी वाचलं. मग थांबले.

लॉरेन मांडीवर हात ठेवून बसली होती. "मृणाल, तिचा विश्वास टिकला का गं?"

मी 'हो' म्हटलं. एवढ्यावर राहिले असते तरी – पण नाही. पानावर बोट ठेवून, वाचल्यासारखं म्हणाले, "देवाने माझा हात सोडला नाही, मीही त्याचा सोडणार नाही."

दया आली म्हणून? थोडी आली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून – तिचा चेहरा पडताना समोर आपण बसलेलं असावं, हे मला नको होतं. तिने ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. तिन्ही वेळा तेच शब्द यावेत म्हणून मला ते पाठ करावं लागलं. मग मी ते टाइप केलं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून तिने आपल्या श्रद्धेची साक्ष दिली, त्यात ते वाक्य सांगितलं. बायका रडल्या. एकीने येऊन मलाच मिठी मारली. तेव्हा बोलता आलं नसतं का?

पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. एक दिवस लॉरेन म्हणाली, "ज्युलीला ईमेल करायचीय. मी सांगते, तू लिही." आणि तिने आधी ते वाक्य सांगितलं, मग पुढे – खुद्द हॅनावर ते सगळं गुदरलं, तरी ती डगमगली नाही, आणि तू नुसतं पुस्तकात वाचून निघून गेलीस. मी लिहिलं. स्पेलिंग तपासलं. सेंड मीच दाबलं.

उत्तर एका ओळीत आलं. "नो वरीज, मम. हॅना माझ्यापेक्षा बरी होती तर."

रविवारचे फोन बंद झाले. चर्चहून आल्यावर लॉरेन फोन मांडीवर घेऊन बसायची, आणि मी आर्वोच्या, म्हणजे दुपारच्या, शिफ्टला निघताना तिला 'बाय' म्हणायचे. लेक हट्टी आहे, असं तिला वाटायचं. मधे काय येऊन बसलंय, ते मला एकटीला माहीत होतं.

नंतर मला पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाली, लग्न झालं, मी ब्लॅकटाउनला आले. दर भेटीला ठरवून जायचे, आज सांगायचं. तिच्यासाठी डाळीचं सूप करून यायचे, आणि परत.

गेल्या वर्षी लॉरेन गेली. अंत्यविधीनंतर हॉलमध्ये सँडविचेस मांडली होती, तिथे ज्युली माझ्याकडे आली. आईसारखेच खांदे.

"तू मृणाल ना? मम तुझ्याबद्दल फार बोलायची." मग म्हणाली, "एक विचारू? इतिहासवाल्यांची सवय. हॅनाचं ते वाक्य – वहीत खरंच तसं आहे?"

आता दुखवायला लॉरेनही नव्हती. मी म्हणाले, "हो. शब्दन् शब्द."

तिने मान हलवली. "घरात एक तरी माझ्यासारखी असेल, असं मला उगाच वाटायचं," म्हणाली, आणि गाडीकडे गेली.

वही आता ब्रिस्बेनला लॉरेनच्या भाच्याकडे आहे. ज्युलीने ती मागितली नाही – कशाला मागेल? तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी फोन केलेला नाही.