वारं लागू नये म्हणून

सासूबाई जर्मनीत आल्या त्या दोन बॅगा घेऊन. एकीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि खारका, दुसरीत त्यांच्या जुन्या सुती साड्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या. साड्या खरं तर माझ्या मुलीच्या दुपट्यांसाठी आणल्या होत्या. पण त्यांनी आमच्या लुडविग्सहाफेनच्या घरात पाऊल टाकलं, कोट अंगात असतानाच खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला, आणि साड्यांचं नशीब फिरलं.

"इथून वारं येतंय," त्या म्हणाल्या.

येतच होतं. घर जुनं, तिसऱ्या मजल्यावरचं, लाकडी खिडक्यांच्या फटींतून नोव्हेंबरची थंडी सुरीसारखी आत यायची. आणि मी ओली बाळंतीण. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही हा आमच्याकडचा कायदा, आणि सासूबाई त्याच्या फौजदार. कानाला रुमाल, पायात मोजे, पोटाला पट्टा, सवा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. मला त्या रुमालाचा भयंकर राग यायचा. आरशात पाहिलं की दाढ दुखणाऱ्या माणसासारखी दिसायचे. पण परक्या मुलखात आपल्यासाठी कोणी लाडू वळत असेल तर रुमालावरून भांडण काढवत नाही.

खाली तळमजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, ताठ. त्यांचीही हिवाळ्याची तयारी चालू होती. अंगणातला नळ बंद करून त्यातलं पाणी काढून टाकलं, जिरेनियमच्या कुंड्या तळघरात नेल्या, गुलाबाच्या बुडाशी सूचीपर्णीच्या फांद्या रचल्या. हे सगळं करून त्या रोज सकाळी बाळाला बघायच्या निमित्ताने वर यायच्या आणि विचारल्या-सवरल्याशिवाय दोन्ही खिडक्या सताड उघडायच्या. "लुफ्टेन!" म्हणायच्या. म्हणजे घरात हवा खेळवायची. थंडीत घर बंद ठेवलं की भिंतींना ओल धरते आणि बुरशी येते, असा त्यांचा धोशा. त्यांना धाक बुरशीचा, सासूबाईंना वाऱ्याचा, आणि दोघींच्या मधे पलंगावर मी. खिडकी उघडली रे उघडली की सासूबाई शाल घेऊन कोंबडीसारख्या आम्हा मायलेकींवर पसरायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आठवडाभरात सासूबाई त्यांचं "नाइन" शिकल्या आणि मालकीणबाई आमचं "नको". मला हसू यायचं, तेव्हा तरी.

एका रविवारी मायलेकांनी मिळून घर हिवाळ्यासाठी तयार केलं. माझा नवरा रसायनांच्या कारखान्यात पंपांचा इंजिनिअर. त्याने दुकानातून फोमच्या पट्ट्या आणून चिकटवल्या. उरलेल्या फटींत सासूबाईंनी साडीच्या चिंध्या उलथन्याच्या टोकाने ठासल्या आणि वरून खाकी चिकटपट्टी मारली. बाहेरच्या दाराखाली साडीची वळकटी आली. शेवटी त्या न्हाणीघराच्या दाराशी बसल्या. दाराच्या तळाला हातभर लांबीची जाळी होती आणि बाळाला न्हाऊ घालताना तिच्यातून गार झुळूक नेमकी पायांवर यायची. सासूबाईंनी जांभळ्या साडीची घडीवर घडी घालून, चारी बाजूंनी धावदोरा टाकून एक छोटी उशी शिवली आणि जाळीत अशी गच्च बसवली की जणू दाराबरोबरच आली असावी.

त्या न्हाणीघरात, नळाच्या वर, भिंतीवर गॅसची भट्टी टांगलेली होती. तिला तिथे थेर्मे म्हणतात. घरभरचं गरम पाणी आणि खोल्यांतली ऊब सगळी तिच्याकडून. ती जुनी होती, जळायला लागणारी हवा घरातूनच ओढायची. फटींतून आलेली हवा जाळीतून तिच्यापर्यंत पोचायची आणि जळून धुराड्याने वर जायची. हवा मिळाली नाही की तोच जळका वायू खाली, घरात उतरणार होता, आणि त्याला ना वास ना रंग. जाळी झाकू नका, असं दारावर एका पिवळट कागदावर जर्मनमध्ये लिहिलेलंही होतं. पण त्या घरात कागद कुठे नव्हते? कचरा कसा वेगळा करावा, जिना कोणी कधी झाडावा, दुपारी आवाज का करू नये, सगळ्याचेच कागद. आम्ही ते वॉलपेपरसारखे बघायचो.

घर उबदार झालं, अगदी माहेरासारखं. आणि माझं डोकं दुखायला लागलं. अशक्तपणा आहे, सासूबाई म्हणाल्या, आणि अळिवाची खीर वाढवली. मग त्यांनाही गरगरायला लागलं. इथलं पाणी मानवत नाही, त्या म्हणाल्या. नवरा दिवसभर कारखान्यात, संध्याकाळी टवटवीत घरी यायचा आणि सासू-सुनेचं एवढं जमलेलं कधी पाहिलं नाही, डोकीसुद्धा एकदम दुखतात, म्हणून चिडवायचा. सासूबाई रोज चिंध्या पुन्हा ठासायच्या, पण सकाळी मालकीणबाई येऊन चिकटपट्टी ओढून खिडकी उघडून गेल्या की मला तासभर बरं वाटायचं. मी त्याचा संबंध खिडकीशी लावला नाही. त्या गेल्या म्हणून बरं वाटतंय, असं आपलं मला वाटायचं.

मग ख्रिसमसच्या आधी मालकीणबाई बहिणीकडे गेल्या. सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच सुमाराला ऱ्हाइनवरून धुकं आलं आणि गावावर बसून राहिलं. एरवी आमच्या खिडकीतून कारखान्याच्या चिमण्यांची वाफ सरळ वर जाताना दिसायची. आता ती वर जाईना, चिमणीच्या गळ्यापाशीच लोंबकळत राहिली. वारा म्हणून कुठे उरला नव्हता. मी पडल्या पडल्या बघत होते आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. हातपाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे जड झाले होते.

आणि पोर किती गुणाची! रडतच नव्हती. दुधासाठी उठवावी लागायची, दोन घोट घेऊन पुन्हा झोपायची. फोनवर सगळे कौतुक करत होते, आईबापाचं पुण्य म्हणत होते. सासूबाईंनी दृष्टसुद्धा काढली.

त्या संध्याकाळी नवरा अजून यायचा होता. सासूबाईंनी दिवा लावला, उदबत्ती पेटवली आणि नेहमीसारखी घरभर फिरवायला निघाल्या. बाळाला न्हाऊ घालायचं म्हणून न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडलेला होता, थेर्मे घुंऽऽ करत होती. त्या उदबत्ती घेऊनच नळ बंद करायला आत गेल्या आणि भट्टीपाशी थबकल्या. पलंगावरून मला त्यांची पाठ दिसत होती. उदबत्तीचा धूर भट्टीकडे ओढला जायचा सोडून त्यांच्या तोंडावर येत होता. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. सांगलीला त्यांनी निम्मं आयुष्य चुलीपुढे काढलेलं. चूल कोंडली की काय होतं, ते त्यांना कोणी समजावून द्यायची गरज नव्हती.

"अगं, धूर उलटा येतोय," त्या म्हणाल्या. फार हळू म्हणाल्या.

मी हूं म्हटलं. मला झोप हवी होती. त्यांनी नळ बंद केला. भट्टीचं घुमणं थांबलं. मग काहीतरी टरकन फाटल्याचा आवाज आला, ती जाळीतली उशी होती. मग त्या धडपडत, भिंत धरून माझ्या खोलीत आल्या आणि खिडकीची चिकटपट्टी नखांनी ओरबाडायला लागल्या. चिंध्या बाहेर लोंबल्या. खिडकी फुगून बसली होती, उघडेना. त्यांनी खांदा लावला.

कानाला रुमाल बांधलेली मी, जीभ जड झालेली, काय बोलले असेन? "अहो आई, वारं लागेल."

"लागू दे," त्या म्हणाल्या, आणि खिडकी उघडली.

बाळाला त्यांनी उचललं तर मान लुळी. त्यांनी तिचं दुपटं सोडलं आणि उघड्या अंगाने तिला खिडकीबाहेरच्या धुक्यात धरलं. ज्या बाईने महिनाभर एक झुळूक तिच्या अंगाला लागू दिली नव्हती, ती तिच्या तळपायावर टिचक्या मारत होती, एकामागून एक, आणि तोंडाने काही म्हणत नव्हती. देवाचं नावसुद्धा नाही. मला उठता येत नव्हतं. मी फक्त टिचक्यांचा आवाज ऐकत होते आणि मधल्या शांततेची मला जितकी भीती वाटली, तितकी पुढे कधीच कशाची वाटली नाही. मग पोर रडली. आधी मांजरासारखी, मग चांगली तारस्वरात.

नवरा दारात आला तो नेमका त्या रडण्यावर. पुढचं त्याने केलं, अँब्युलन्स, दवाखाना. आम्हा तिघींना ऑक्सिजन लावला. आम्ही वाचलो. धुराडी साफ करणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसाने भट्टीला सील ठोकलं, आणि नवी बसेपर्यंत परतलेल्या मालकीणबाईंनी आम्हाला खाली आपल्याकडे ठेवून घेतलं. रोज सकाळी त्या खिडक्या उघडायला उठल्या की सासूबाई आधीच खिडकीशी उभ्या असायच्या.

नवऱ्याने त्यांना दारावरचा कागद वाचून दाखवला. त्यांना कोणीच दोष दिला नाही. मी तर जीव वाचवलात, असंच म्हणत राहिले, आणि ते खरंच होतं. त्या मान हलवायच्या, पण त्यांना ते पटलं नाही. जांभळी उशी त्यांनी उसवली, धुतली आणि घडी करून बॅगेत परत नेली.

सहा वर्षांनी त्या पुन्हा आल्या. आमचं घर आता दुसरं होतं, उबेचं यंत्र तळघरात, भीतीचं कारणच नाही. दुपारी नात झोपली की त्या तिच्याजवळ बसायच्या आणि तिच्या नाकाखाली बोट धरायच्या. पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून. एकदा तिने डोळे न उघडताच म्हटलं, "इश आट्मे, आजी."

"काय म्हणते ही?" सासूबाईंनी मला विचारलं.

"म्हणते, आजी, मी श्वास घेतेय."

"घे हो बाळा," त्या म्हणाल्या. बोट त्यांनी काढलं नाही.