कोपरानं पाहिलेलं पाणी

वन्सं गेल्याची वार्ता आली तेव्हा कुरुंद्याच्या आमच्या अंगणात हळद शिजत होती. कढईवर झाकलेल्या ओल्या पोत्यांतून उग्र, मातकट वाफ निघत होती, आणि त्या वाफेआडूनच आखाडा बाळापूरच्या दवाखान्याचा शिपाई बोलला, "नर्सबाई गेल्या... पटकीनं. तुमी घरचे म्हनून सांगाया आलो. तिथं कुनी हात लावून न्हाई राहिलं." यजमानांनी, म्हणजे वन्संच्या सख्ख्या भावानं, पहिल्यांदा विचारलं ते एवढंच : "घरी आणावं लागंल का?" याला आता पाच आठवडे झाले. त्या प्रश्नाची शिसारी माझ्या जिभेवरून अजून उतरलेली नाही.

गोदावरी हे त्यांचं नाव. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. मामंजींनी भावकीचा रोष पत्करून त्यांना दूरच्या एका मिशन इस्पितळात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला धाडलं. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधी त्या परतल्या, त्या पांढऱ्या लुगड्यात, कार्बोलिक साबणाच्या कडवट वासात, बगलेत निळ्या काठाचं एनॅमलचं पसरट तसराळं घेऊन. सोबत एक वही होती. कवितेच्या ओढीनं अक्षरं शिकलेली मी. ती वहीही मी कवितेसारखीच वाचली. रोग्याला त्याचं स्वतःचं शरीर बरं करतं, हवा, उजेड, स्वच्छता आणि शांतता देऊन आपण फक्त त्याची वाट मोकळी करायची, असं तीत होतं. एके काळी हे काम ज्यांना कुणी दारात उभं करीत नसे अशा बायांवर ढकललं जाई. मग कुठल्याशा लढाईत एका विलायती बाईनं जखमी शिपायांच्या खोल्यांतली घाण उपसली, खिडक्या उघडल्या, आणि त्या कामाची विद्या झाली, असंही होतं. पण पहिल्या पानावर एकच ओळ होती : 'किळस आपली असते, ती रोग्याला दिसू नये.'

"पू पाहून मळमळत नाही का हो, वन्सं?" मी विचारलं होतं.

"मळमळतं की, वहिनी. पट्टी बांधणं आठ दिवसांत येतं. मळमळ गिळायला तीन वर्षं लागतात."

पाण्याची ऊब त्या बोटांनी पाहत नसत. राबून निबर झालेली बोटं खोटं सांगतात, म्हणायच्या. कोपर बुडवून पाहायच्या.

आणि आम्ही? त्यांचा पेला आम्ही गोठ्याच्या कोनाड्यात उपडा ठेवत असू. लेकीनं दवाखान्यात कुणाचं काय धुतलं याचा पाढा सासूबाई ताटावर बसून वाचत आणि वर तोंड वाकडं करीत. वन्सं माणसाला शिवण्याआधी हात धूत. आम्ही त्यांना शिवल्यानंतर.

तीन वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ यमुना अडली. वन्सं तेव्हा वसमतच्या दवाखान्यात होत्या. दीरांनी घाबरून गाडी पाठवून त्यांना आणवलं. सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "तिथंच बस गं. मुडदे धुतलेले हात तुझे, त्यात कपाळ पांढरं. बाळंतिणीवर सावली पाडाया काहून येऊन राहिली?"

"माय, खिडकी तरी उघड. नाळ कापायचं हत्यार उकळून घे. राख-शेण काही लावू नको नाळेवर."

"सात बाळंतपणं केली मी. त्यातलंच एक तू. आता तू मला शिकवून राहिली व्हय?"

वन्सं अंगणात बसून राहिल्या. आत धुरी, घाम, तेल, रक्त यांचा वास कोंडून जाडसर झाला होता. श्वासाला तो अंगावर घेतलेल्या ओल्या घोंगडीसारखा वाटे. मूल झालं. सुइणीनं विळ्यानं नाळ कापली. सासूबाईंनी गोवरीची राख आणि ओलं शेण द्रोणात कालवून माझ्या हाती दिलं. खोलीकडे जायची वाट वन्संच्या समोरून होती. त्यांनी द्रोण पाहिला.

"वहिनी... तुम्ही वही वाचली आहे."

वाचली होती. तरी मी द्रोण आत नेला. सातव्या दिवशी बाळाचा जबडा मिटला तो उघडलाच नाही. इवलं शरीर धनुष्यासारखं ताठलं आणि विझलं. सासूबाईंनी बोल सावलीला लावला, गावानं माना डोलावल्या, आणि मी गप्प बसले. शेणाचा वास हातावरून एका दिवसात जातो. त्या गप्प बसण्याची घाण अजून येते.

वार्ता आली त्या दिवशी आम्ही बाळापूरला पोहोचलो तेव्हा दवाखान्याबाहेर बाया नाकाला पदर लावून उभ्या होत्या. "लई चांगली बाई व्हती. माझी दोन्ही लेकरं हिच्याच हातची," एक म्हणाली, आणि तिथूनच, "पन लेकराबाळाचं घर हाय आमचं. पटकीला कोन शिवनार?" यजमान फाटकापाशीच थांबले. "तसंच गुंडाळून नेऊ. धुवायचं काय त्यात?"

खोलीत खिडकी तेवढी सताड उघडी. साथीत लोकांची अंथरुणं बदलत फिरलेल्या वन्सं स्वतःच्या घाणीत पडल्या होत्या. माझाही पदर नाकाकडे गेला... खोटं कशाला लिहू? मग पहिल्या पानावरची ओळ आठवली आणि मी पदर कमरेला खोचला. पाणी उकळलं, तसराळ्यात ओतलं. मेलेल्या देहाला गार काय नि कढत काय. तरी कोपर बुडवलं. फार कढत होतं. गार पाणी घातलं, पुन्हा पाहिलं, आणि मग त्यांचे पाय धुवायला घेतले. पोटातलं सगळं घशाशी येत होतं. ते गिळायला मला तीन वर्षं लागली.

यमुनेला आता आठवा सरतो आहे. "पटकीचं भांडं घरात? उकिरड्यावर टाक ते!" सासूबाई रोज ओरडतात. मी तसराळं उकळत्या पाण्यातून काढून बाळंतिणीच्या खोलीत, खिडकीखाली ठेवलं आहे. खिडकीची खिळलेली फळी परवा मीच उपसली. बाळंतपणाच्या दिवशी सासूबाई पुन्हा द्रोण पुढे करतील, ठाऊक आहे. तेव्हा माझे हात रिकामे नसतील.